सर्जनकुंठा आणि कलासाधना (झाडीपट्टी)

सर्जनकुंठा म्हणजे इच्छा, सवड आणि कौशल्य असूनही कलावंताला नवे काही न सुचण्याची, अथवा हाती घेतलेली कृती पुढे न सरकण्याची अवस्था होय. या अवस्थेचा विचार बहुधा एकट्या कलावंताच्या मनाच्या संदर्भात केला जातो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, कलेचे सातत्य मात्र व्यक्तीच्या स्फूर्तीवर सोपविलेले आढळत नाही. ते शेतीच्या वर्षक्रमावर, गावाच्या निमंत्रणावर, परंपरेने दिलेल्या चौकटींवर आणि सोबत्यांच्या आधारावर उभे आहे. दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टी रंगभूमी ही त्याची ठळक उदाहरणे होत. या व्यवस्थेमुळे शेतात राबणारी माणसे वर्षानुवर्षे रंगमंचावर उभी राहू शकली; साचेबंदपणा हा तिचा दोषही तिच्यातूनच जन्मला.

संकल्पना

इंग्रजीत या अवस्थेसाठी ‘रायटर्स ब्लॉक’ ही संज्ञा रूढ आहे. ती प्रचारात आणण्याचे श्रेय एडमंड बर्ग्लर या ऑस्ट्रियन-अमेरिकन मनोविश्लेषकाला दिले जाते (1947). लेखकाच्या बालपणातील अनुभवांत या अवस्थेची मुळे शोधणारे त्यांचे स्पष्टीकरण आज फारसे ग्राह्य मानले जात नाही. संज्ञा मात्र टिकून राहिली. त्याआधी 1926 मध्ये ग्रॅहम वॉलस यांनी ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात सर्जनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : पूर्वतयारी, मुरवण, स्फुरण आणि पडताळणी. यांतील दुसरी पायरी येथे महत्त्वाची आहे. वरकरणी काहीच घडत नसताना आत काम चालू असते, असे मानले तर कुंठेचा प्रत्येक काळ हा वांझ काळ ठरत नाही.

भारतीय काव्यशास्त्रात हा प्रश्न काव्यहेतूंच्या चर्चेत येतो. दंडीने ‘काव्यादर्शा’त जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि परिश्रम यांनी वाग्देवता काही ना काही अनुग्रह करतेच, असे मत मांडले. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन वेगवेगळी कारणे न मानता तिन्ही मिळून एकच कारण मानले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्याच सांगितली आहे : पहिल्या प्रहरी विद्याभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याचे परीक्षण. याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीम येथे, झाल्याची कथा येते. कवीने सुचण्याची वाट पाहत बसावे असे राजशेखर सांगत नाही. त्याने प्रहर पाळावेत असे सांगतो. झाडीपट्टीतील कलावंताने ‘काव्यमीमांसा’ वाचलेली नसते. तथापि वेळ पाळण्याचे तत्त्व त्याच्याकडे धानाच्या शेतीतून आलेले आहे.

प्रदेश आणि हंगाम

‘झाडी’ हे नाव या भागातील दाट जंगलावरून पडले. वैनगंगा, चुलबंद, सूर व बावनथडी या नद्या, जुनी मालगुजारी तळी आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे धान ही भंडारा जिल्ह्याची ओळख आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे या जिल्ह्याचे सात तालुके होत. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश भंडारा या एकाच नावाखाली होता; जुन्या लेखनातील ‘भंडारा जिल्हा’ वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

येथील कलेचे वेळापत्रक पीक ठरविते. मृगात पऱ्हे टाकले जातात, आषाढ-श्रावणात रोवणी चालते. रोवणीच्या काळात बांधीत वाकलेल्या बायांची गाणी सोडली तर मंचीय कलेला अवसर नसतो. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यानंतर. धानाचे पुंजणे रचले गेले की माणसाला उसंत मिळते, हाती थोडा पैसा येतो आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हणजे केवळ बाजार नव्हे. लेकी-जावई, सोयरे, आसपासच्या गावांतील लोक त्या दिवशी त्या गावात येतात; दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री नाटक होते. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा असल्याने पाहुणे आणि कलावंत दोघेही एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहतात. पुढे हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि त्यांना जोडून रात्रीची नाटके होतात. होळीच्या सुमारास हंगाम उतरणीला लागतो.

सर्जनकुंठेच्या दृष्टीने या क्रमाचे दोन परिणाम दिसतात. एक, कलावंताला सक्तीची विश्रांती मिळते. वर्षातील सहा-सात महिने त्याने काही केले नाही तरी कोणी विचारत नाही आणि त्यालाही अपराधी वाटत नाही, कारण तो शेतात असतो. वॉलस यांनी सांगितलेली मुरवण येथे चिखलणीत आणि रोवणीत होते. दुसरा परिणाम याच्या उलट आहे. मंडईचा दिवस ठरला की तो पुढे ढकलता येत नाही. गाणे सुचले नाही, सोंग जमले नाही, ही सबब गाव ऐकून घेत नाही. पाहुणे आलेले असतात.

दंडार आणि खडी गंमत

दंडार हा झाडीपट्टीतील जुना लोकनाट्यप्रकार आहे. नृत्य, गायन, सोंगे आणि पौराणिक अथवा सामाजिक प्रसंग यांची गुंफण त्यात असते. परंपरेने सर्व भूमिका पुरुषच करीत आले. स्त्रीपात्रेही त्यांच्याकडेच असत. (गोंड व कोलाम समाजांत दिवाळीच्या काळात होणारे ‘दंडारी’ हे नृत्य नावाने जवळचे असले तरी प्रकार वेगळा आहे.) दंडारीतील माणसे त्याच गावची असतात. नांगर धरणारा, कुंभार, सुतार, दुकानदार अशी ही मंडळी तालमीला एकत्र येतात. तालमीची जागा आणि वेळ ठरलेली असल्यामुळे एखाद्याला त्या दिवशी उत्साह नसला तरी तो येतो, कारण त्याच्यावाचून ओळ मोडते. एकट्या साधकाला रोज स्वतःला बसते करावे लागते; येथे ते काम ओळीतला शेजारी करतो.

खडी गंमत हा शाहिरी प्रकार आहे. तो उभ्याने सादर होतो, म्हणून ‘खडी’. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज यांच्या साथीने शाहीर व त्याचे झीलकरी गण, गवळण, लावणी, पोवाडा व बतावणी असा क्रम मांडतात. नाच्याचे काम पुरुष करतो. दोन शाहिरांना समोरासमोर उभे करून होणाऱ्या कार्यक्रमाला ‘दुय्यम’ म्हणतात. त्यात कलगी आणि तुरा या शाहिरी परंपरेतील दोन पक्षांचा वाद चालतो : तुरेवाले शिवाचे, पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व मांडतात, कलगीवाले शक्तीचे. एका बाजूने सवाल टाकला की दुसऱ्या बाजूला जवाब द्यावा लागतो, आणि तोही त्याच चालीत.

कुंठेवरील उपाय म्हणून दुय्यमाचा विचार फारसा झालेला नाही. तो व्हायला हवा. कोऱ्या कागदापुढे बसलेल्या कवीची मुख्य अडचण असते ती काहीही लिहिता येईल या मोकळेपणाची. शाहिराला तो मोकळेपणा नसतो. विषय प्रतिपक्षाने दिलेला, छंद ठरलेला, ध्रुपद ठरलेले आणि झीलकरी ते पुन्हा पुन्हा म्हणत असतात. झीलकऱ्यांनी ध्रुपद घोळवले तेवढ्या अवधीत शाहीर पुढची ओळ जुळवतो. श्रोत्यांना हे गायनाचे सौंदर्य वाटते, शाहिराला तो श्वास घेण्याचा अवसर असतो. तरीही अडलेच तर उस्तादाकडून मिळालेली वही मदतीला येते. पुराणातील कूटप्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे या वह्यांत नोंदविलेली असतात. वहीतले म्हणणारा शाहीर आणि जागेवर रचणारा शाहीर यांत श्रोते भेद करतात, पण पहिल्याला उठवून लावत नाहीत. उसनी ओळ म्हणत राहणे हे गप्प बसण्यापेक्षा बरे, हा या परंपरेचा व्यवहार आहे. बहुतेक नवे शाहीर अशा उसन्या ओळींवरच तयार झालेले असतात.

रात्रीचे नाटक आणि प्रॉम्प्टर

झाडीपट्टी रंगभूमी दंडारीच्या भूमीत वाढली, पण तिचे रूप नाटक कंपन्यांचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे तिचे प्रमुख केंद्र. हंगामात तेथे नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात आणि गावोगावची मंडळे तेथे येऊन नाटक ठरवितात. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तिकीट काढून, कांबळी-चादरी घेऊन सबंध कुटुंबे येतात. प्रारंभीच्या काळात संगीत नाटके आणि पौराणिक-ऐतिहासिक नाटके होत. पूर्वी गावातील हौशी मंडळीच भूमिका करीत आणि पडदे, वेषभूषा तेवढी बाहेरून आणीत. पुढे व्यावसायिक मंडळे आली, स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या आणि कौटुंबिक विषयांची, गाण्यांनी व विनोदाने भरलेली नाटके प्रचलित झाली. या रंगभूमीवरील गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीच्या कलेची राष्ट्रीय पातळीवर अशी दखल क्वचितच घेतली गेली होती.

या रंगभूमीचा सर्वांत लक्षणीय विशेष म्हणजे प्रॉम्प्टर. हंगामात एकाच नटाला लागोपाठच्या रात्री वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी नाटके करावी लागतात. सर्व संहिता पाठ करणे अशक्य असते. तालमींनाही दिवस उरत नाहीत. म्हणून विंगेत बसलेला प्रॉम्प्टर संपूर्ण नाटक वाचत जातो आणि नट ते ऐकून, उचलून, आपल्या ढंगात बोलतो. मंचावर टांगलेल्या ध्वनिक्षेपकांतून कधी प्रॉम्प्टरचा आवाजही प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. त्याने कोणाचा रसभंग होत नाही.

महानगरी नाट्यसमीक्षेच्या मोजपट्टीने हे न्यूनच ठरेल. परंतु साधनेच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मोठी भीती व्यवस्थेनेच काढून टाकलेली आहे. शब्द विसरण्याचे भय हे नटाच्या कुंठेचे सर्वांत सामान्य रूप होय. ज्या नटाला ते भय नाही, तो लक्ष दुसरीकडे देऊ शकतो : समोरच्या पात्राकडे, प्रेक्षकांच्या हुंकाराकडे, गाण्याच्या जागेकडे. विनोदी भूमिका करणारे नट संहितेच्या दोन वाक्यांमध्ये स्वतःचे दहा वाक्य घालतात आणि प्रॉम्प्टर त्यांची वाट पाहत थांबतो. कोठे थांबावे, कोठे ओळ टाकून नटाला परत रुळावर आणावे, याचे भान ज्याला आहे तो चांगला प्रॉम्प्टर. जाहिरातीच्या फलकावर नटांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. प्रॉम्प्टरचे नाव प्रेक्षकाला बहुधा ठाऊक नसते.

नाटककाराची स्थिती याहून कठीण असते. मंडळांना दर हंगामात नवे नाटक हवे असते. रडविणारा कौटुंबिक प्रसंग, स्वतंत्र विनोदी उपकथानक, ठरावीक अंतराने गाणी, रात्रभर पुरेल एवढी लांबी आणि ऐकताच लक्षात राहील असे शीर्षक या अटी आधीच ठरलेल्या असतात. अटींमुळे लेखक अडत नाही, उलट लवकर लिहितो. पण दरवर्षी त्याच साच्यात लिहिताना तो स्वतःचीच नक्कल करू लागतो. सर्जनकुंठा ही केवळ न लिहिण्यात असते असे नाही, तेच ते लिहीत राहण्यातही ती असू शकते. झाडीपट्टीतील दुसऱ्या प्रकारच्या कुंठेकडे प्रशंसकांचे सहसा लक्ष जात नाही.

बोलीचा अडसर

या भागातील अनेक लिहित्या हातांची कुंठा विषयाची नसून भाषेची होती. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण नाहीत. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोरा’, ‘काळा’ हा ‘कारा’, ‘शेत’ हे ‘सेत’. घरात ही बोली आणि शाळेच्या वहीत प्रमाण मराठी अशा स्थितीत वाढलेल्या मुलाला निबंधातील प्रत्येक ‘ळ’ आठवून लिहावा लागतो. अशा वेळी मनातले वाक्य कागदावर येईपर्यंत त्यातला जीव गेलेला असतो. वहीवरील तांबडी शाई शुद्धलेखन सुधारते, परंतु काहींचे लिहिणे कायमचे थांबविते.

साकोली येथील अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि येथील लोकरंगभूमीचा दीर्घकाळ अभ्यास केला, बोलीची स्वतंत्र वैशिष्ट्ये दाखवून दिली आणि तिच्या शब्दांचे संकलन केले. झाडीबोली साहित्य मंडळाच्या वतीने मोठ्या शहरांऐवजी झाडीपट्टीतील गावांत साहित्य संमेलने भरविली जातात. या चळवळीमुळे बोलीत कविता आणि कथा लिहिणारी पिढी पुढे आली. त्यांत आधी प्रमाण भाषेत लिहिण्याचा प्रयत्न करून गप्प झालेली माणसेही आहेत. रंगमंचावर ही अडचण अंशतः आधीच सुटली होती, कारण विनोदी पात्रांना बोलीत बोलण्याची मुभा होती. गंभीर प्रसंगातील नायक मात्र प्रमाण मराठीच बोलत राहिला. बोली हसविण्यासाठी आणि प्रमाण भाषा रडविण्यासाठी ही वाटणी आजही पुरती मोडलेली नाही.

खंड आणि पुनरारंभ

सातत्याची कसोटी खंड पडल्यावर लागते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. शंकरपटाला जोडून होणाऱ्या नाटकांचे निमित्तच त्यामुळे नाहीसे झाले. तरीही पट नसताना अनेक गावांनी नाटके चालू ठेवली. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी राज्याने केलेली कायदादुरुस्ती वैध ठरविली. दरम्यानच्या वर्षांत एवढे स्पष्ट झाले की नाटक शंकरपटाच्या आधारावर पूर्णतः अवलंबून नव्हते.

मार्च 2020 मधील टाळेबंदीने बसलेला फटका अधिक खोल होता. गर्दीवरील निर्बंधांमुळे त्यानंतरच्या हिवाळ्यात मंडई आणि नाटके दोन्हींची घडी विस्कटली. सर्व कमाई हंगामाच्या चार-पाच महिन्यांत होत असल्यामुळे नट, वादक, प्रकाशयोजनाकार, मंडप घालणारे यांना एक हिवाळा म्हणजे एक वर्ष गमावावे लागले. शेती असणाऱ्यांकडे परतायला जागा होती. केवळ नाटकावर जगणाऱ्यांना, विशेषतः बाहेरून येणाऱ्या स्त्री कलावंतांना, ती नव्हती. शेतकरी-कलावंत हे या परंपरेचे वर्णन यासाठी सरसकट लागू करता येत नाही. कलेचा आधार शेती असणे आणि शेतीवाचून कलेवर जगणे या दोन स्थितींत साधनेचा अर्थच बदलतो.

निर्बंध उठल्यावर मंडई आणि नाटके पुन्हा सुरू झाली. पाठांतरावर न विसंबणाऱ्या नाटकाला पुन्हा उभे राहायला फार काळ लागत नाही; संहिता, प्रॉम्प्टर आणि तारीख मिळाली की प्रयोग होतो. दंडारीचे तसे नाही. तिची गाणी आणि पावले तालमीतून एका पिढीकडून दुसरीकडे जातात. तरुण कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेले की तालमीची ओळ अपुरी पडते.

मर्यादा आणि मतभेद

झाडीपट्टीच्या व्यवस्थेला सर्जनकुंठेवरचा सार्वत्रिक उपाय मानणे योग्य होणार नाही. ती समूहकलेला लागू पडते. एकांतात काम करणाऱ्या चित्रकाराला किंवा कादंबरीकाराला मंडईची तारीख नसते. नागपूर येथे 1924 मध्ये जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे करीत. 1984 मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे अवघड झाले, तेव्हा ते कागदावरील लहान रेखनांकडे वळले. त्यांच्या दोन चित्रांमधील दीर्घ स्तब्धतेला कुंठा म्हणणे हा त्यांच्या कामाचा विपर्यास ठरेल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘झूल’ (1979) आणि ‘हिंदू’ (2010) या कादंबऱ्यांमध्येही तीन दशकांचे अंतर आहे. असे कलावंत हंगामाने बांधले गेले असते तर काय झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप दर्जाविषयीचा आहे. प्रेक्षकांची मागणी आणि मंडळांची स्पर्धा यांमुळे नाटकांत चित्रपटगीतांवरील नृत्यांचे प्रमाण वाढले, अशी तक्रार जुने रसिक करतात. या नृत्यांवाचून तिकिटे खपत नाहीत, हे मंडळांचे उत्तर असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि गावाने पैसे मोजून बोलाविलेल्या मंडळाचे नाटक आणि गावाने स्वतः तालमी करून उभी केलेली दंडार यांत केवळ दर्जाचा फरक नाही. पहिल्यात गाव प्रेक्षक असते, दुसऱ्यात कलावंत. मंडईच्या दिवशी नाटक बाहेरून आणणे सोपे झाल्यापासून अनेक गावांनी दंडार सोडली. जेथे ती टिकून आहे तेथे ती बहुधा एखाद्या वृद्ध गायकाच्या वहीवर आणि पाच-सात हौशी माणसांवर टिकली आहे, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत ती अजूनही दिवसाढवळ्या, मंचावाचून, मोकळ्या चौकात होते.